चांदीची टोपी

"सगळ्या बागेचे फोटो काढा, मॅडम," पायात चप्पल सरकवत अण्णा म्हणाले. "फक्त त्या टोपीवालीला हात नको."

टोपीवाली म्हणजे पांढरी लिली. अंगणाच्या कोपऱ्यात, पपईच्या सावलीत तिची कुंडी होती. तिच्या एकाच दांड्यावर दोन कळ्या आल्या होत्या. त्यांतली एक आदल्या दिवशी सकाळी उमलली, आणि तिचे सहाही परागकोश फुटायच्या आत अण्णांनी घड्याळाच्या चिमट्यानं एकेक करून काढून टाकले. मग फुलाच्या मधल्या लांब काडीच्या टोकाला, जिथं पराग पडला की फळ धरतं, तिथं त्यांनी चांदीच्या कागदाची करंगळीच्या नखाएवढी टोपी बसवली. माशीनं, मुंगीनं किंवा वाऱ्यानं भलत्या फुलाचा पराग तिथं आणून टाकू नये म्हणून. चांदी सिगारेटच्या पाकिटातली होती. अण्णा सिगारेट ओढत नसत. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून मागून आणली होती.

"साडेसातच्या गाडीनं जातो, संध्याकाळपर्यंत पराग घेऊन येतो," ते म्हणाले. "उद्या सकाळी काम. तोवर तुमचं लक्ष असू द्या."

"मी आहे," मी म्हणाले.

"एका लिलीच्या कांद्यासाठी बेळगाव," गौराक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "माझ्या भावाच्या लग्नाला यायला वेळ नव्हता ह्यांना."

"तुझ्याच नावाचं फूल करायला चाललोय की."

"मी ही अशी तव्यासारखी, आन् माझ्या नावाचं फूल पांढरं. लोक मला न्हाई हसणार, तुम्हाला हसतील."

अण्णा हसले, पिशवी खांद्याला लावली आणि गेले. तो रविवार होता, १७ मे १९९८.

मी तेव्हा गडहिंग्लजच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नोकरीचं तिसरं वर्ष, वय अठ्ठावीस. चंद्रशेखर घुगरी, म्हणजे अण्णा, यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मेच्या सुट्टीत सगळे आपापल्या गावी गेले की मी मुद्दाम मागं राहायची. कारण अण्णांची बाग.

अण्णा घड्याळजी. बाजारपेठेत एकोणचाळीस वर्षं त्यांचं दुकान होतं. उजव्या डोळ्यात भिंग लावून काम करायचं, आणि मोतीबिंदू नेमका त्याच डोळ्यात आला. डाव्या डोळ्याला भिंग कधी जमलं नाही. ऑपरेशनला ते घाबरत. दुकान बंद केलं आणि चिमटे, डब्या, ब्रश सगळं घेऊन ते बागेत आले. पूर्वी महाबळेश्वरच्या एका बंगल्यातलं लंबकाचं घड्याळ त्यांनी चालू करून दिलं होतं. तिथल्या माळ्यानं खूश होऊन एक कांदा हातावर ठेवला, पांढऱ्या लिलीचा. आमच्याकडं सगळ्यांच्या अंगणात उन्हाळ्यात फुलते ती विटकरी लाल लिली. पांढरी कुणी पाहिलेली नव्हती. चार वर्षं नुसती पानं आली. पाचव्या उन्हाळ्यात त्या दोन कळ्या.

बेळगावात त्यांचा एक मित्र होता, वनखात्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडं फिकट गुलाबी काठाची लिली होती. तिचा पराग आणून पांढरीवर लावायचा, बी धरायचं, ते पेरायचं आणि तीन वर्षं थांबायचं. पांढरं फूल, गुलाबी काठ. नाव गौरी. अण्णांचं वय अडुसष्ट होतं. ते एकदा हिशेब मांडल्यासारखं म्हणाले होते, "एकाहत्तराव्या वर्षी फूल बघीन. त्यात पुन्हा चुकायला जागा नाही."

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात मी हेच शिकवत असे. परागकोश काढणं, फूल झाकणं, पराग लावणं, चिठ्ठी बांधणं. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या: आई, बाप, तारीख, आणि संकर करणाऱ्याचं नाव. अण्णांना हे मीच सांगितलं होतं. त्यांनी कागदी चिठ्ठ्यांऐवजी गजराच्या जुन्या घड्याळांच्या पत्र्याच्या तबकड्या घेतल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला खिळ्यानं खोदून लिहायला सुरुवात केली. करणाऱ्याच्या नावाच्या जागी ते 'हात' असं लिहीत. गल्लीत कुणी आलं की माझ्याकडं बोट दाखवून सांगत, आमच्या मॅडम सायन्सच्या आहेत, सगळं त्यांच्या नजरेखाली चाललंय.

अण्णा गेल्यावर मी कॅमेरा घेऊन खाली उतरले.

मी फार थोड्या गोष्टी कारणाशिवाय केल्या आहेत. फुलांचे फोटो काढणं ही त्यातली एक. कॅमेरा जुना होता, मैत्रिणीच्या वडिलांनी दिलेला. त्यावर जवळचं टिपायचं जादा भिंग मी पुण्याहून आणलं होतं. रोल छत्तीस फोटोंचा. मे महिन्यात बाकीचं गाव करपलेलं असायचं आणि ते अंगण पेटलेलं. फाटकावर राणी रंगाची बोगनवेल. भिंतीलगत झिनिया: लाल, केशरी, पिवळा, गुलाबी, आणि एक हिरवट, जो अण्णांना आवडत नसे आणि मला आवडत असे. गॅलार्डियाची काठ जळालेली फुलं. पायरीजवळच्या पसरट कुंडीत ऑफिस-टाइम, नऊच्या ठोक्याला उघडणारा. मी गुडघे टेकून, पोटावर पडून, श्वास रोखून फोटो काढत गेले. रस्ता कच्चा होता, पाकळ्यांवर धूळ असायची. ती झाडायला माझ्याकडं खारीच्या केसांचा मऊ ब्रश होता. आधी पाकळ्या झाडायच्या, मग फोटो.

शेवटी भिंतीकडेच्या गावठी लाल लिल्या. एकोणीस फुलं होती. त्यांच्यावर सर्वांत जास्त धूळ. एकेक झाडून मी त्यांचे सहा फोटो काढले. तेव्हा अकरा वाजत आले होते आणि रोलमध्ये पाच फोटो उरले होते.

कोल्हापूरला जूनमध्ये छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. आमच्या कॉलेजातले एक सर त्या दिवशी दुपारी दोनला निघणार होते, त्यांच्याबरोबर रोल धुवायला द्यायचा होता. म्हणजे जे काढायचं ते तेव्हाच.

मी पपईखाली गेले. टोपीसकट एक फोटो काढला. तो काही फोटो नव्हता. मलमपट्टी केलेल्या बोटासारखं दिसत होतं ते. टोपीखेरीज मात्र त्या फुलात काही कमी नव्हतं. पपईच्या पानांतून गाळून आलेलं ऊन पाकळ्यांच्या आत साठलं होतं आणि आतल्या बाजूला, अगदी घशाशी, पांढऱ्याचा हिरवा होत होता.

गौराक्का गच्चीवर सांडगे घालत होत्या. मी विचार केला, दोन मिनिटं. माशा नाहीत, वारा नाही. टोपी कशी काढायची आणि कशी घालायची हे मला माहीत आहे. माझ्याइतकं इथं कुणालाच माहीत नाही.

बोटांच्या टोकांनी मी टोपी काढली आणि वहीच्या उघड्या पानावर ठेवली. पाकळ्यांवर धूळ होती. ब्रश फिरवला. मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि भिंग मागं-पुढं करत मधल्या काडीचं टोक नीट आणलं. टोकाचे तीन भाग नुकतेच सुटायला लागले होते. ते ओलसर होते. त्यांतल्या एका भागावर पिवळे ठिपके होते.

मी ते मोजले. सात होते.

कॅमेरा खाली घेऊन मी ब्रश पाहिला. केसांची टोकं पिवळी झाली होती. वीस मिनिटांपूर्वी तोच ब्रश एकोणीस लाल लिल्यांवरून फिरला होता.

एक गोष्ट क्रमानं सांगायला हवी. आधी मला कळलं. मग मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. चार वेळा. ऊन सरकत होतं.

त्यानंतर मी ओल्या कापसानं ते ठिपके टिपायचा प्रयत्न केला. चिकट पृष्ठभागावर बसलेला पराग असा निघत नाही. मी तो फक्त पसरवला. मग टोपी होती तशी बसवली, तिची चुणीसुद्धा पूर्वी होती त्याच बाजूला केली, आणि वर जाऊन ब्रश साबणानं धुतला.

अण्णा संध्याकाळी सातला आले. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. घड्याळाचे सुटे भाग ठेवायची पितळी डबी त्यांनी रुमालात, रुमाल पिशवीत आणि पिशवी पोटाशी धरून आणली होती. गाडीत एका बाईनं विचारलं म्हणे, देव आहे का त्यात. ते सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. गौराक्कांनी पाणी दिलं. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होते.

"टोपी जागेवर आहे ना मॅडम?"

"आहे."

ते खरं होतं. मी वर गेले. रात्री जेवले, झोपलेसुद्धा. स्वतःला समजावलं की सकाळी सांगू. दुसरी कळी आहे, ती उद्याच उमलेल, काही बिघडलेलं नाही. हे तर शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं. दुसरी कळी होतीच.

सोमवारी सकाळी साडेसहाला अण्णांनी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून कुंडीजवळ पाट मांडला. पाटावर चिमटा, डबी, लाल दोरा आणि एक तबकडी. तबकडीवर आधीच खोदून ठेवलं होतं: आई – पांढरी. बाप – बेळगाव. तारीख – १८ मे १९९८. हात – च. घु. दुसरं फूल रात्रीत उमललं होतं आणि गौराक्का त्याच्याकडं बघत उभ्या होत्या.

अण्णांनी टोपी काढली. सवयीनं भिंग उजव्या डोळ्याला लावलं, काढलं, डाव्याला लावलं, काढलं.

"धुकं आहे नुसतं," ते म्हणाले आणि भिंग माझ्यापुढं धरलं. "तुमची नजर तरुण. तुम्ही बघा."

मी भिंग घेतलं. भिंगाच्या काळ्या कडेला त्यांच्या डोळ्याची ऊब होती.

"टोक उघडलंय का?"

"उघडलंय. तिन्ही भाग सुटलेत."

"ओल?"

"आहे."

"आणि स्वच्छ आहे?"

ठिपके आता पिवळे राहिले नव्हते. ओल शोषून ते फुगून तपकिरी झाले होते. त्या अवस्थेचा अर्थ मी दरवर्षी साठ मुलांना सांगत असे. पराग रुजायला लागलेला असतो.

मला सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. पण पाटावर ती डबी होती, आणि अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. माझं उत्तर ऐकण्यासाठी त्यांनी मान खाली घालून कान पुढं केला होता, जसं ते चालू केलेल्या घड्याळाला लावत.

"स्वच्छ आहे," मी म्हणाले.

त्यांनी डबी उघडली. चिमट्यानं बेळगावचा परागकोश धरला आणि तीनदा, अगदी हलक्या हातानं टोकाला टेकवला. टोपी परत घातली. फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला, दोन गाठी. तबकडी कुंडीत रोवली.

"आता ह्याचं काय करतायसा?" गौराक्कांनी दुसऱ्या फुलाकडं बोट केलं. "आज सोमवार हाय. एकदा तरी ह्या बागेतलं चांगलं फूल माझ्या शिवाला मिळू दे की."

"हुंगणार नाहीस?"

हा त्यांचा नेहमीचा वाद होता. फूल दिसलं की गौराक्कांचं नाक आधी पुढं जायचं, आणि देवाला वाहायचं फूल हुंगू नये म्हणून अण्णा ओरडायचे.

"न्हाई हुंगत. ह्याला वासच न्हाई, हुंगून करू काय?"

"अण्णा," मी म्हणाले, "दुसऱ्यावरही पराग लावून ठेवा ना. खात्री म्हणून."

माझा आवाज मलाच परका वाटला. अण्णांनी मान हलवली.

"दोन शेंगा धरल्या तर कांदा दमेल ओ. पहिल्यांदाच फुललाय." मग ते माझ्याकडं बघून हसले. "आणि तुम्ही स्वच्छ म्हणालात. आता आणखी खात्री कशाची?"

गौराक्कांनी नखानं फूल खुडलं. माझ्यासमोरून, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, मान मागं घेऊन, वास लागू नये म्हणून श्वास धरून, त्या ते देवघरात घेऊन गेल्या. मी भिंग अण्णांच्या हातात दिलं.

शेंग धरली. पाच आठवड्यांनी तडकली. काळ्या, कागदासारख्या पातळ बिया निघाल्या. अण्णांनी त्या पसरट कुंडीत उभ्या खोचल्या. पांढरा कांदा त्याच श्रावणात कुजला. अण्णांनी तो उकरून हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाले, बी ठेवून गेली, बाईमाणूस हुशार. माझ्या फोटोला कोल्हापुरात दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्रावर कु. वैजयंती खोत असं नाव आणि खाली फोटोचं शीर्षक, 'शुभ्र'. अण्णांनी त्याची मोठी प्रत मागितली. नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. त्यांनी ती चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावली. जिन्याकडं जाताना मला तिच्यासमोरून जावं लागे. मी पायाकडं बघत जायची.

बियांतून गवतासारखी पाती आली. त्यांतली सात जगली, सात कुंड्यांत गेली. सात हा आकडा मला आवडत नसे. एव्हाना ब्रशचं ते मी अण्णांना सांगायचं ठरवून सोडून दिलं होतं, किती वेळा ते मोजलं नाही. दर वेळी वाटे, कदाचित बेळगावचाच पराग पोचला असेल. शास्त्रात अशी शक्यता असते. तिच्या आडोशाला मी तीन वर्षं काढली.

दोन हजारच्या थंडीत अण्णांनी हिय्या करून डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा भिंग लावून सातही कुंड्या पाहिल्या.

पुढच्या मेमध्ये तीन कुंड्यांत दांडे आले. कळीच्या टोकावर रंग धरू लागला तेव्हाच मला कळलं; फूल उमलायच्या आठ दिवस आधी. अण्णांना वाटत होतं की तो गुलाबी काठ आहे.

ज्या सकाळी पहिलं फूल उमललं, त्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. मी कॅमेरा घेऊन उतरले, कारण न घेता उतरणं विचित्र दिसलं असतं. फूल विटकरी लाल होतं. भिंतीकडेला तशी एकोणीस तेव्हा होती, आता चाळीस असतील.

अण्णा बराच वेळ उकिडवे बसून होते. मग उठले आणि गौराक्कांकडं वळले.

"तू हुंगलीस."

"काय?"

"मी बेळगावला गेलो त्या दिवशी. टोपी काढून हुंगलीस. नाकाला लाल फुलाचा पराग असणार. फूल दिसलं की राहवत नाही तुला."

"मी गच्चीवर सांडगे घालत होते दिवसभर."

"मग टोपीत पराग गेला कसा? मॅडमनी बघितलं तेव्हा स्वच्छ होतं, तरी आत कुठं तरी आधीच गेला असणार. दुसरं कोण होतं घरात?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझा विचार त्यांच्या मनात आलाच नाही. गौराक्कांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

"शिवाची आण. मी हात लावला न्हाई."

"आण घालू नको उगाच."

त्यांचं लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. गौराक्का आत गेल्या. मी कॅमेरा गळ्यात घालून पहिल्या पायरीवर उभी होते. कॅमेऱ्याचा पट्टा मानेला काचत होता, तो मी सारखा केला. एवढंच मी केलं.

तीन दिवस त्या घरात बोलणं नव्हतं. ताटं आपटत नव्हती. हळू ठेवली जात होती, ते जास्त ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी गौराक्का नळावर भेटल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "पोरी, तू तर होतीस त्या दिवशी बागेत. तू बघितलंस मला टोपीजवळ?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तू सांग की त्यांना. तुझं ऐकतील."

मी सांगते म्हणाले. सांगितलं नाही. अण्णांना एवढंच म्हणायचं होतं की गौराक्का नव्हत्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णांनी खालून हाक मारली. "मॅडम, जरा या."

ते बाहेरच्या खोलीत स्टुलावर चढून उभे होते. उजव्या डोळ्याला भिंग, आणि नाक माझ्या फोटोला टेकलेलं. नव्या डोळ्यानं ते घरातली एकेक वस्तू अशी बघत असत. फोटोची पाळी त्या दिवशी आली.

"किती बारीक टिपलंय ओ," ते फोटोशीच बोलल्यासारखे म्हणाले. "काडीच्या टोकाचे तिन्ही भाग दिसतात. त्यावर पिवळं आहे."

मी स्टुलाजवळ गेले.

"मला वाटायचं, हे तुम्ही मी पराग लावल्यावर टिपलं." त्यांचं बोट काचेवरून खाली, देठाकडं सरकलं आणि थांबलं. "दोरा नाही यात."

स्वयंपाकघरात गौराक्का काहीतरी चिरत होत्या. विळीचा आवाज येत होता.

"अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी भिंग काढलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता हात वर केला. घड्याळाचा मागचा डबा उघडल्यावर बघ्यांना लांब ठेवायला ते करत तसा. मग स्टुलावरून सावकाश उतरले आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले:

"गौरव्वा, सापडली चूक."

विळी थांबली.

"माझीच होती. आदल्या दिवशी त्याच चिमट्यानं लाल लिलीचं काहीतरी केलं होतं मी. पुसला नव्हता."

गौराक्का दारात आल्या. हाताला कांद्याचं पाणी लागलेलं.

"आता आठवलं? तीन दिवस पाण्यात बघितलंसा मला."

"चुकलं."

गौराक्का दोन पावलं पुढं आल्या. मग पदराला हात पुसले आणि एकदम सैल पडल्या. "जाऊ दे. फूल काय वाईट न्हाई. पांढऱ्यापेक्षा हेच मला शोभतंय. तेच नाव ठेवा." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलंस पोरी? ह्या वयात बायकोफुडं चूक कबूल करायची म्हंजे छाती लागती. ह्यांच्याकडं हाय ती. बस, च्या टाकते."

मी बसले. चहा प्याले. अण्णा माझ्या समोर बसले होते आणि बशीत फुंकर मारत होते. फोटो त्यांनी काढला नाही. मी त्या घरात राहिले तोवर तो तिथंच होता.

पुढच्या महिन्यात मला सांगलीच्या कॉलेजात जागा मिळाली. सामान टेम्पोत भरत असताना अण्णा एक कुंडी घेऊन आले. सातांपैकी एक कांदा, पानं कापून बांधलेला. मी तोंड उघडलं, पण ते टेम्पोवाल्याला कुंडी कुठं ठेवायची ते सांगू लागले. मग मला म्हणाले, पाणी बेतानं घाला. पत्र पाठवा. गौराक्कांनी डोळे पुसले आणि माझ्या ओटीत एक नारळ घातला.

कुंडीतली तबकडी मी सांगलीला पोचल्यावर पाहिली. चार ओळी होत्या.

आई – पांढरी.
बाप – गावठी लाल.
तारीख – १७ मे १९९८.
हात –

चौथ्या ओळीत पुढं काही नव्हतं. कोरा पत्रा. तबकडीच्या भोकातून सुतळी ओवलेली होती आणि सुतळीच्या टोकाला एक खिळा बांधलेला होता.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. अण्णा गेले, त्यानंतर दोन वर्षांनी गौराक्काही. लिली दर मे महिन्यात फुलते. एका कांद्याचे आता अकरा झाले आहेत. शेजारच्या मुली येऊन तिचे फोटो काढतात. मी त्यांना धूळ झाडायला ब्रश देत नाही. तबकडी मी दर वर्षी पुसून परत रोवते.

खिळा गंजून गेला आहे. पत्रा कोराच आहे.